मावशींनी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) कधी यायचं?

"पेशंट तर बाहेर गेला मॅडम, आता आमी आत यायचं का थांबायचं? आन् थांबायचं तर किती वेळ?"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लहान हॉस्पिटलात रात्रीची इमर्जन्सी संपवून मी बॅग आवरत होते आणि मावशी बादली-मॉप घेऊन दारात उभ्या होत्या. पेशंट शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला, चाळिशीच्या आतला. अल्सर फुटून पोट कडक झालेलं. उभं करून काढलेल्या एक्सरेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसत होती, म्हणजे निदान पक्कं होतं. पण त्याच फिल्मवर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या बाजूला एक पांढुरकी सावलीही होती. विचारल्यावर त्याची बायको म्हणाली, "खोकला हाय की दोन-तीन म्हैने. फाउंड्रीची धूळ हो." थुंकीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. टीबी आहे असं धरून चालायचं आणि पोट आधी उघडायचं, एवढाच मार्ग होता.

मावशींना मी सांगितलं, पाऊण तास दार बंद ठेवा, एक्झॉस्ट चालू राहू दे, आणि त्यानंतरही मास्क लावूनच आत जा. बॅगेतला एन-95 त्यांना दिला. तो हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पण मगाशी घशातली नळी काढताना त्यो केवढा खोकला! तवा मामा तर त्याच्या तोंडापाशीच हुते की."

मामांनी, म्हणजे ओटीतल्या वॉर्डबॉयनी, मास्क लावलेला होता. टीबीचा संशय असला की खोलीतल्या प्रत्येकाला एन-95, हा माझा हट्ट असतो आणि आता माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना तो माहीत आहे. पण मावशींनी जे नेमकं पाहिलं, ते मोजायला आमच्या शास्त्राला 2020 साल उजाडावं लागलं. त्याबद्दल सविस्तर लिहायचं फार दिवस मनात होतं.

मी फ्रीलान्स भूलतज्ज्ञ आहे. शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क, कधी इचलकरंजी, कधी गडहिंग्लज. जिथून सर्जनचा फोन येईल तिथे जायचं. त्यामुळे एकाच आठवड्यात कितीतरी तऱ्हेच्या ओटी बघायला मिळतात. कुठे लॅमिनार फ्लो (छतातून सरळ खाली येणारी गाळलेली हवा) आणि सरकते दरवाजे, कुठे भिंतीवर दीड टनाचा स्प्लिट एसी आणि खिडकीला कायमची ठोकलेली काच. माणसं मात्र सगळीकडे तशीच उभी असतात. पेशंटच्या डोक्याशी मी, माझ्या उजव्या हाताला नळी आणि सक्शन देणारी सिस्टर किंवा टेक्निशियन, पायाशी मामा. सर्जन अजून हात धूत असतात. भूल देताना सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे असतं. जाग येताना तसं नसतं. सर्जन नातेवाइकांशी बोलायला बाहेर गेलेले, सिस्टर स्पंज मोजतेय, मामा ट्रॉली लावतायत, मावशी दारात. आणि नेमका तेव्हाच पेशंट खोकतो.

श्वासमार्गाची साधनं, म्हणजे तोंडावरचा मास्क, श्वासनलिकेत जाणारी नळी, घशात बसणारं आयजेल किंवा एलएमए, यांनी भूल देणाऱ्याला संसर्ग होतो ही भीती सार्सच्या साथीपासून पक्की झाली. 2003 मध्ये टोरांटो, हाँगकाँग, सिंगापूर इथे हॉस्पिटलातलीच माणसं मोठ्या संख्येनं आजारी पडली. त्यातल्या बऱ्याच जणांनी अत्यवस्थ रुग्णांना नळी घातली होती किंवा ते जवळ उभे होते. त्या साथीतले अभ्यास गोळा करून 2012 साली एक आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात आकडा आला: नळी घालण्याशी संबंध आलेल्यांमध्ये संसर्गाची शक्यता इतरांच्या 6.6 पट. हा आकडा जगभर फिरला. एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) तयार करणाऱ्या प्रक्रियांची यादी झाली आणि तिच्यात सगळ्यात वर नळी घालणं आलं. 2020 मध्ये एन-95 मिळेनासे झाले तेव्हा त्या यादीकडे बोट दाखवूनच मास्क वाटले गेले. नळी घालणाऱ्याला एन-95, पीपीई, चष्मा, वरून फेस शील्ड. खोकणाऱ्या पेशंटला वॉर्डातून लिफ्टनं खाली आणणाऱ्या मामांना तीन पदरी सर्जिकल मास्क, तोही मिळाला तर.

त्या 6.6 मध्ये काय काय मिसळलं होतं, ते नीट बघायला हवं. सार्सच्या रुग्णाला नळी घालायची वेळ येते तेव्हा तो सर्वात आजारी, विषाणूनं भरलेला, धापा टाकणारा, खोकणारा असतो. खोलीत गर्दी असते, घाई असते, कुणाचा मास्क सरकलेला असतो. अशा खोलीत तोंडाजवळ वाकून उभ्या असलेल्या माणसाला संसर्ग झाला तर तो नळीमुळे, की त्या खोकणाऱ्या माणसाजवळ पंधरा-वीस मिनिटं उभं राहिल्यामुळे? आकडेवारीत ही दोन कारणं वेगळी होत नाहीत. कोविडमध्येही तसंच झालं. 17 देशांतल्या 1718 आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या 5148 इंट्युबेशनची, म्हणजे नळी घालण्याची, नोंद ठेवली गेली आणि त्यातल्या साधारण दर दहांपैकी एकाला पुढे लक्षणं, विलगीकरण किंवा कोविडचा रिपोर्ट यांपैकी काहीतरी आलं. नोंद फार मोलाची आहे, मी तिच्याबद्दल आदरानंच बोलते. पण नळी न घालणाऱ्या, त्याच वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांशी तुलना तिच्यात नाही. त्या दिवसांत कोविड वॉर्डातल्या सिस्टरलाही संसर्ग होत होता आणि स्वयंपाकघरातल्या माणसालाही.

मग इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांच्या गटानं साधं आणि धाडसी काम केलं. अतिशय स्वच्छ हवेच्या ऑपरेशन थिएटरात, जिथे मुळातच हवेत कण जवळजवळ नसतात, तिथे पेशंटच्या तोंडाजवळ कण मोजणारं यंत्र धरलं आणि नेहमीच्या भुलीत किती एरोसोल निघतं ते मोजलं. मास्कनं श्वास देऊन नळी घालताना लिटरमागे सरासरी 1.4 कण निघाले. खोलीतल्या हवेत मुळात 0.4 होते. नळी काढताना, विशेषतः पेशंट खोकला तर, 21. आणि ठरवून, मुद्दाम खोकल्यावर जे कण निघतात ते नळी काढतानाच्या 35 पट. पुढे त्याच गटानं फक्त मास्कनं श्वास देणं तपासलं, अगदी मास्क मुद्दाम सैल धरून हवा गळू देऊनही. तेव्हाही जाग्या माणसाच्या साध्या श्वासापेक्षा कितीतरी कमी कण निघाले. आयजेल-एलएमए घालताना आणि काढतानाही तेच दिसलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली. नंतर शांतपणे विचार केल्यावर त्यातलं शरीरशास्त्र अगदी सरळ वाटलं. कण तयार होतात कुठे? फुफ्फुसातल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि घेताना उघडतात, तेव्हा त्यांच्यावरचा ओलसर पापुद्रा फाटून. स्वरयंत्र थरथरतं तेव्हा, म्हणजे बोलताना. आणि सर्वात जास्त खोकताना, जेव्हा हवा प्रचंड वेगानं ओल्या पृष्ठभागावरून घासत बाहेर येते. स्नायू शिथिल करणारं औषध दिल्यावर यातलं काहीच होत नाही. स्वरतंतू स्थिर, खोकला बंद, हवा मी हळूहळू आत सोडतेय. भूल पूर्ण चढलेला पेशंट हा त्या खोलीतला सगळ्यात कमी कण सोडणारा माणूस असतो.

याचा अर्थ नळी घालताना मास्क नको, असा कुणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. ब्रिस्टलचे पेशंट ठरलेल्या ऑपरेशनचे, शांतपणे भूल दिलेले, बहुतेक निरोगी फुफ्फुसाचे. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला नळी घालताना-काढताना याहून बरेच जास्त कण सापडले. आणि आपल्या रात्रीच्या केसमध्ये औषध पूर्ण चढायच्या आत घाईनं लॅरिंगोस्कोप (नळी घालताना स्वरयंत्र दाखवणारं साधन) घातला, तर पेशंट तोंडावरच ठसकतो. म्हणून माझा पहिला नियम: शिथिल करणारं औषध पुरेसं द्यायचं आणि ते चढेपर्यंत घड्याळाकडे बघत थांबायचं. दुसरा: शक्य तिथे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, कारण त्यानं माझा चेहरा पेशंटच्या तोंडापासून लांब राहतो. या दोन गोष्टींत माझी सुरक्षा आहे आणि पेशंटचीही.

खरी मेहनत लागते ती शेवटी. जाग येताना खोकला कमी करण्याचे उपाय आम्हा सगळ्यांना माहीत असतात. दिवसाच्या सहाव्या केसला ते करायचा कंटाळा येऊ नये, एवढंच. घसा साफ करायचा तो भूल खोल असतानाच. पेशंट हलायला लागल्यावर सक्शनची नळी आत घातली की तो खोकणारच. नळी काढायच्या मिनिटभर आधी शिरेतून खोकला दाबणारं लिग्नोकेन. शक्य असेल तर खोल भुलीतच नळी काढणं, किंवा मुळात नळीऐवजी आयजेल वापरणं, कारण ते श्वासनलिकेत शिरत नाही आणि माणूस बहुधा न ठसकता जागा होतो. तोंडावर मास्क तयार ठेवायचा, नळी बाहेर आली की लगेच तो बसवायचा. ऑक्सिजन देतानाही पेशंटला सर्जिकल मास्क. ज्यांचं काम नाही त्यांनी बाहेर.

पण फाउंड्रीतल्या त्या पेशंटला यातलं निम्मं लागू नव्हतं. फुटलेला अल्सर म्हणजे पोट भरलेलं समजायचं. आयजेल वापरता येत नाही, खोल भुलीत नळी काढता येत नाही. उलटी फुफ्फुसात गेली तर जीव जाईल. त्याला पूर्ण जागा करून, डोळे उघडून, मान उचलायला लावूनच नळी काढावी लागते. म्हणजे तो खोकणार हे ठरलेलंच. पेशंटचा जीव आणि खोलीतल्यांची हवा यांत ओढाताण झाली की मी पेशंटच्या बाजूनं निर्णय घेते आणि खोलीतल्यांसाठी मास्क आणि हवा यांची सोय आधी करून ठेवते. दुसरा कुठला मार्ग मला दिसत नाही.

फिल्टरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लहान हॉस्पिटलांत तिथे फार काटकसर होते. अजूनही बऱ्याच ठिकाणी मशिन आणि पेशंट जोडायला बेन सर्किट नावाची नळी वापरतात. त्यात पेशंटनं सोडलेला श्वास मशिनजवळच्या व्हॉल्व्हमधून थेट खोलीत येतो. नळी किंवा मास्क आणि सर्किट यांच्या मध्ये एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब-ओल राखून जंतू अडवणारा) लावला की तो श्वास गाळून बाहेर पडतो. सर्किट सोडवायचं झालं तर फिल्टर पेशंटकडेच राहील अशा बाजूनं सोडवायचं. कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) बारीक नळीही फिल्टरच्या मशिनकडच्या बाजूनं घ्यायची, नाहीतर मॉनिटर पेशंटचा न गाळलेला श्वास ओढून खोलीत सोडत बसतो. लहान मुलांना त्यांचं वेगळं जे-आर सर्किट लावतो तेव्हा फिल्टरमुळे वाया जाणारी जागा, म्हणजे सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो ती, वाढते, म्हणून बारका फिल्टर लागतो, तो आधी मागवून ठेवावा. आणि एक फिल्टर एकाच पेशंटला. धुऊन, वाळवून पुन्हा लावलेला फिल्टर मी पाहिला की तिथल्या तिथे लाल पिशवीत टाकते, कुणाला वाईट वाटलं तरी.

2020 मध्ये आपल्या उद्यमनगरातल्या कारागिरांनीही ऍक्रिलिकच्या पेट्या करून दिल्या होत्या. तैवानमधल्या एका भूलतज्ज्ञानं ती कल्पना जगापुढे मोफत ठेवली होती. पेशंटच्या डोक्यावर पारदर्शक पेटी, हात घालायला दोन भोकं. हेतू अत्यंत चांगला होता आणि त्या दिवसांत काहीतरी हाती असल्याचा धीर सगळ्यांना हवा होता. पण मोजल्यावर कळलं की पेटीत साचलेले कण हाताच्या भोकांतून नळी घालणाऱ्याकडेच येतात, नळी घालायला वेळही जास्त लागतो आणि गाऊनची बाही भोकाच्या कडेला फाटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या पेट्यांची परवानगी 2020 च्या ऑगस्टमध्ये मागे घेतली. कुठल्या ओटीच्या माळ्यावर अजून ती पेटी असेल तर ती तिथेच राहू द्या.

कोविड सरला, टीबी आपल्याकडे राहिला. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतातला आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे फाउंड्री आहेत. साच्याच्या वाळूतली सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका कितीतरी वाढतो. त्यामुळे "फाउंड्रीची धूळ हो" हे वाक्य ऐकलं की मी एक्सरे हातात घेऊन पुन्हा बघते. टीबी हवेतूनच पसरतो याबद्दल वाद नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये टीबी वॉर्डातली हवा वरच्या मजल्यावर पिंजऱ्यांतल्या गिनिपिगांकडे वळवली होती. वॉर्डातल्या एकाही माणसाला न शिवता त्यांना टीबी झाला. आणि भुलीच्या, श्वासमार्गाच्या कामाशी थेट जोडलेली गोष्ट 1982 साली प्रसिद्ध झाली. टीबी असल्याचं माहीत नसलेल्या एका रुग्णाच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी केली, नळी घातली; त्या वेळी हजर असलेल्या, आधी चाचणी निगेटिव्ह असलेल्या 13 जणांपैकी 10 जणांची ट्युबरक्युलिन (टीबीचा संसर्ग दाखवणारी त्वचेची) चाचणी नंतर पॉझिटिव्ह आली. संसर्गाला काही तासच पुरले होते.

त्या रात्रीच्या पेशंटचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. टीबी निघाला, औषधं सुरू झाली, पोटाची जखमही नीट भरली. मग संपर्कात आलेल्यांची यादी करायची वेळ आली. यादीत सर्जन होते, मी होते, सहायक, दोन सिस्टर. मामा आणि मावशी नव्हते. ते ठेकेदाराच्या पगारपत्रकावर आहेत, हॉस्पिटलच्या नाही. मी त्यांची नावं खाली हातानं लिहिली. व्यवस्थापनातल्या माणसानं हरकत घेतली नाही, उलट म्हणाला, "मॅडम, हे आमच्या ध्यानातच आलं नाही." माझं दुःख तिथेच आहे. या शहरात मी ज्यांच्याबरोबर रात्री-अपरात्री काम करते, त्यांतल्या निम्म्या माणसांचा छातीचा एक्सरे कोण काढणार, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर त्यांनी कुणाला सांगायचं, सुट्टीचा पगार कापला जाणार का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ठेकेदाराशी करार करताना चार ओळी वाढवल्या तर होण्यासारखं काम आहे. कामाला लागताना एक तपासणी, वर्षाला एक, संपर्क आल्यास लगेच, आणि औषधं चालू असेपर्यंत नोकरी जाणार नाही याची खात्री.

आता मावशींचा पहिला प्रश्न: किती वेळ थांबायचं. हे खोलीत तासाला किती वेळा हवा बदलते यावर अवलंबून आहे. तासाला 2 वेळा बदलत असेल तर हवेतले 99 टक्के कण निघून जायला 138 मिनिटं लागतात. 6 वेळा असेल तर 46 मिनिटं, 12 वेळा असेल तर 23, 20 वेळा असेल तर 14. हे गणितही हवा सगळीकडे नीट मिसळते असं धरून केलेलं आहे. कपाटामागच्या कोपऱ्यात ती तशी मिसळत नाही. आणि घड्याळ सुरू होतं पेशंट खोलीबाहेर गेल्यावर. त्या ओटीत एक्झॉस्टच्या क्षमतेवरून मी 6 चा हिशेब करून ठेवलेला होता, म्हणून पाऊण तास म्हणाले.

स्प्लिट एसीबद्दल मोठा गैरसमज आहे. तो हवा थंड करतो, बदलत नाही. तीच हवा ओढतो आणि तीच परत फेकतो. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या 2018 च्या निकषांत ओटीत तासाला किमान 20 वेळा हवा फिरायला हवी आणि त्यातले 4 बदल बाहेरच्या ताज्या हवेचे हवेत. काच ठोकलेल्या, फक्त स्प्लिट एसी असलेल्या खोलीत ताजी हवा येते ती दार उघडल्यावर. अशा खोलीत केस करावी लागली तर मी तो पेशंट यादीत शेवटचा घ्यायला सांगते, जाग पूर्ण येईपर्यंत त्याला ओटीतच ठेवते, आणि मावशींना सरळ सांगते की सफाई सकाळी करा. ओटी निर्जंतुक करायच्या फॉर्मालिनच्या धुरीवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. ती केस संपल्यावर, माणसं गेल्यावर. खोकल्याच्या क्षणी उभ्या असलेल्यांना तिचा काही उपयोग नाही, आणि तिचा वास छातीला स्वतःच त्रासदायक आहे.

ज्यांच्याकडे मोठी यंत्रणा नाही त्यांच्यासाठी हेपा फिल्टरचं (हवेतले अगदी बारीक कण अडवणारं) सुटं मशिन हा खरोखर चांगला पर्याय आहे, पण घेताना हिशेब करा. 20 बाय 15 फुटांची, 10 फूट उंच ओटी म्हणजे 3000 घनफूट, साधारण 85 घनमीटर. तासाला 12 वेळा हवा गाळायची तर तासाला जवळपास 1000 घनमीटर क्षमता हवी. घरच्या दिवाणखान्यासाठीचं एक मशिन त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाला पुरतं. खोक्यावरचा सीएडीआर (मशिन किती हवा स्वच्छ करतं तो) आकडा वाचून, लागतील तितकी मशिनं घ्या. ती पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला, जमिनीलगत, पण हवेचा झोत ऑपरेशनच्या जागेवर येणार नाही अशी ठेवा. एक्झॉस्ट नक्की बाहेर ओढतोय का हे उदबत्तीच्या धुरानं कळतं. ते रिकाम्या खोलीत, ऑक्सिजन बंद असतानाच करायचं.

सीपीआर या इथल्या सरकारी हॉस्पिटलाच्या जुन्या दगडी इमारतीत रेसिडेंट असताना मी त्या उंच छताला आणि थोरल्या खिडक्यांना थंडीत नावं ठेवणाऱ्यांत होते, सगळेच ठेवायचे. नंतर पेरूमधल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांचा 2007 चा अभ्यास वाचला. खिडक्या-दारं उघडी ठेवलेल्या खोल्यांत तासाला साधारण 28 वेळा हवा बदलत होती, आणि 1950 च्या आधीच्या उंच, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत 40 वेळा. यंत्रानं हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांत 12 वेळा. ओटीची खिडकी उघडी ठेवता येत नाही, जखमेत जंतू जातील. पण रिकव्हरी रूम, वॉर्ड, एक्सरेची खोली, पायऱ्यांजवळची वाट बघायची जागा, इथे खिडक्या कशासाठी बंद असतात? पंचगंगेकडून येणारा वारा आपल्याला फुकट मिळतोय.

लिफ्टचा विचार तर कुणी करतच नाही. पेशंट अर्धवट जागा, ढास लागलेली, ट्रॉलीच्या डोक्याशी मामा, बाजूला सलाइनची बाटली धरलेला भाऊ, दार बंद, पंखा बंद. पुढे त्याच लिफ्टमधून आणखी माणसं जातात. माझ्या केसचा संशयित पेशंट नेताना लिफ्टमध्ये मामांशिवाय कुणी नको, पंखा चालू, पेशंटच्या तोंडावर मास्क, आणि मामांच्या तोंडावर एन-95, हे मी स्वतः उभी राहून बघते. लिफ्ट वर गेल्यावर दार थोडा वेळ उघडं ठेवायला सांगते.

आणि एन-95 म्हणजे डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा. कानाला अडकवायचे जे मिळतात ते गालापाशी उघडे राहतात. पाकिटावर आयएस 9473 हा भारतीय मानकाचा क्रमांक बघावा. व्हॉल्व्हचा घेऊ नये, घालणाऱ्यालाच संसर्ग असेल तर तो बाहेर सोडतो. लावल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. दाढी असेल तर मास्क बसत नाही, हे मामांना सांगताना मला अवघड वाटायचं, पण कारण नीट समजावलं की बहुतेक जण ऐकतात. एका आयजेलच्या किमतीत कितीतरी एन-95 येतात. खर्चाचं कारण मला कुणी सांगू नये.

सध्या आपल्या शहरात नवीन हॉस्पिटलं भराभर उभी राहतायत. फरशी कोणती, लाइट कुठल्या कंपनीचा, टेबल कुठलं, यावर डॉक्टर मंडळी तासन् तास बोलतात. आर्किटेक्टला आणि एसीवाल्याला हेही विचारा: ताजी हवा कुठून येणार, तासाला किती, आणि टीबीचा संशय असलेला पेशंट आला तर ओटीतली हवा कॉरिडॉरमध्ये ढकलली जाणार की दुसरीकडून बाहेर काढता येणार? ओटीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, तो जखमेसाठी चांगला आणि दारात थांबलेल्या माणसांसाठी वाईट; मध्ये एक छोटी वेगळी खोली ठेवली की दोन्ही साधतं. भिंती उभ्या राहिल्यावर हे जमत नाही. आराखडा कागदावर असतानाच मला फोन करा. मी येऊन बघेन, त्याचे पैसे घेणार नाही.